भाव महाग नाही, अटी महाग आहेत

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई,
मी मूळचा सांगलीचा. पुण्यात काही वर्षं खरेदी विभागात काढली, आता एडिनबरोत एका कंत्राटदार कंपनीत पॅकेज मॅनेजर आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यासमोर समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहतायत. त्यांच्या मोनोपाइलवर, म्हणजे समुद्रतळात रोवलेल्या एकखांबी पोलादी पायावर, नंतर बसवायचे प्लॅटफॉर्म, शिड्या, बोट लागायच्या चौकटी, गंजरोधक ॲनोडचे पिंजरे हे सगळं माझ्याकडे आहे. स्थानिक उद्योगाला काम देऊ, असं प्रकल्पाने सरकारला लिहून दिलंय. इथून जवळच्या फाइफ भागातल्या चाळीस माणसांच्या एका वर्कशॉपचा दर आशियातल्या यार्डापेक्षा एक पंचमांशाने जास्त आला. मालक तीस टक्के ॲडव्हान्स मागतो आणि उशिराच्या दंडाचं आमचं कलम मान्य करत नाही. साहेब म्हणतात, आकडा दाखवण्यापुरते दोन-चार कठडे त्यांना दे, बाकी बाहेर पाठव. मागे एक छोटं काम त्यांनी केलं होतं. वेल्डिंग उत्तम होतं, पण कागदपत्रं दीड महिना उशिरा आली आणि बोलणी मी खाल्ली. परवा मालकाने तोंडावर विचारलं, "तुम्ही आम्हाला काम द्यायला बोलावता, की दुसऱ्याचा दर पाडायला?" मला उत्तर सुचलं नाही. स्थानिक पुरवठादार हा भावनेचा प्रश्न धरू की धंद्याचा?
– म., एडिनबरो

प्रिय म.,

त्या मालकाचा प्रश्न तुला झोंबला, हे चांगलंच झालं. दराकडे मी नंतर येते. आधी तो असं का विचारतो ते समजून घे, कारण फाइफमध्ये हा प्रश्न तुझ्या येण्याच्या कितीतरी आधीपासून विचारला जातोय.

मेथिलला अजून गेला नसशील तर एका शनिवारी जाऊन ये. तिथलं फॅब्रिकेशन यार्ड उभं आहे ते जुन्या वेल्स्ली कोळसा खाणीच्या जागेवर. कोळसा संपला, मग उत्तर समुद्रातल्या तेलाची कामं आली, तीही ओसरली. मग सगळ्यांनी सांगितलं की आता वारा. बायफॅब नावाची कंपनी मेथिल, बर्नटायलंड आणि लुइस बेटावरचं आर्निश अशी तीन यार्डं चालवत होती. बीट्रिस या सागरी पवन प्रकल्पाच्या जॅकेटचं, म्हणजे चक्कीखालच्या जाळीदार पोलादी पायांचं, काम चालू असताना, नोव्हेंबर 2017 मध्ये, तिच्याकडची रोकड संपली. पगार मिळेल की नाही याची खात्री नसताना कामगार कामावर येत राहिले आणि एडिनबरोत संसदेवर मोर्चा घेऊन गेले. तेव्हा मार्ग निघाला. पण डिसेंबर 2020 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या ताब्यात गेलीच. त्याच काळात फाइफच्या किनाऱ्यापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर नार्ट ना गीहे हा 54 चक्क्यांचा प्रकल्प आकाराला येत होता, आणि त्याच्या जॅकेटचं मोठं काम इंडोनेशियात चाललं होतं. अँगसच्या किनाऱ्यासमोरच्या सीग्रीनची 114 जॅकेट चीन आणि संयुक्त अरब अमिरातीतून आली. म्हणजे खिडकीतून दिसणारी चक्की आणि हातात नसलेलं काम, असं त्या माणसांनी बरीच वर्षं पाहिलंय. तुझ्यासारखे खरेदीवाले त्यांच्याकडे येतात, चहा-बिस्किटं होतात, फॉर्म भरून घेतले जातात, दर मागवले जातात, आणि पुढे फोन येत नाही. त्याने जे विचारलं त्यात मला उद्धटपणा दिसत नाही. आपल्याकडचा व्हेंडर "होऊन जाईल साहेब" म्हणतो, आणि होणार नाही हे आपल्याला शेवटच्या आठवड्यात कळतं. हा माणूस पहिल्याच बैठकीत मनातलं बोलला. असा पुरवठादार मिळाला तर मी तरी त्याला सोडणार नाही.

आता दर. एक पंचमांश जास्त, हा आकडा साहेबांपुढे ठेवण्याआधी तो फोडून बघ. माझा अनुभव असा की लहान वर्कशॉपच्या दरात पोलाद आणि मजुरी सोडून तिसरी गोष्ट भरलेली असते, ती म्हणजे तुझं कंत्राट. तू जेवढा धोका त्याच्या गळ्यात घालशील तेवढे पैसे तो दरात घालणार, आणि मग तू म्हणणार की हा महाग आहे.

समजा ऑर्डर दहा लाख पौंडांची आहे आणि काम पाच महिन्यांचं. प्रमाणपत्रासह येणारी प्लेट त्याला सुरुवातीलाच विकत घ्यावी लागते, आणि लहान गिऱ्हाइकाला पोलादवाले फारशी उधारी देत नाहीत. पगार वेळच्या वेळी द्यावे लागतात. गॅल्व्हनायझिंगवाला आणि रंगारी त्यांचे पैसे धरून ठेवू देत नाहीत. तुमची अट असेल की सगळा माल आणि सगळी कागदपत्रं आल्यावर बिल घ्यायचं आणि त्यानंतर साठ दिवसांनी पैसे द्यायचे, तर पाचव्या महिन्याच्या शेवटी त्याचे नऊएक लाख बाहेर अडकलेले असतात आणि पुढचे दोन महिने ते तसेच राहतात. दहा टक्के व्याज धरलं तरी ऑर्डरच्या तीन-साडेतीन टक्के रक्कम नुसत्या वाट पाहण्यात जाते. वर दहा टक्क्यांची बँक हमी मागितलीत, तर त्याची बँक बहुधा तेवढी रोख बाजूला ठेवायला सांगेल. मोठ्या यार्डाला ही हमी म्हणजे एक कागद असतो. चाळीस जणांच्या वर्कशॉपला तोच लाख पौंड म्हणजे काही आठवड्यांचे पगार.

तीस टक्के ॲडव्हान्स ऐकून तुमचा फायनान्स विभाग बिथरला असेल, ते मला समजतं. त्यावर उपाय आहे. ॲडव्हान्स असा शब्दच नको. प्लेट त्याच्या यार्डात आली, प्रत्येक प्लेटचा हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) प्रमाणपत्राशी जुळला, तुमच्या माणसाने ती पाहून त्यावर प्रकल्पाचं नाव रंगवलं, आणि मालकी तुमच्याकडे आल्याचं पत्र त्याने सही करून दिलं, की त्या प्लेटचे पैसे द्यायचे. उद्या दुर्दैवाने वर्कशॉप बंद पडलं तर माल तुमचा म्हणून ओळखता येतो, मोकळं ॲडव्हान्स दिल्यावर ही सोय नसते. पत्राचा मसुदा मात्र वकिलाकडून नीट करून घे, त्यात काटकसर नको. पुढचे पैसे तुकड्यातुकड्याने, प्रत्येक खेप तयार झाली की, आणि बिलापासून तीस दिवसांत. तू पुण्यात खरेदी केली आहेस, तेव्हा सूक्ष्म-लघु उद्योगांना पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायच्या नियमाची तुला ओळख आहेच. 1 एप्रिल 2024 पासून आयकराचं कलम 43-ब(ह) लागू झालं, आणि उशीर केला तर त्या वर्षी खर्चाची वजावटच मिळत नाही म्हटल्यावर भल्याभल्यांचे चेक वेळेवर निघायला लागले. ब्रिटनमध्येही 1998 पासून कायदा आहे, उशिराच्या देयकावर बँक ऑफ इंग्लंडच्या दरापेक्षा आठ टक्के जास्त व्याज मागता येतं. पण पुढची ऑर्डर तुमच्याकडूनच हवी असलेला लहान माणूस हे व्याज सहसा मागत नाही. त्याने मागावं याची वाट तू पाहू नकोस.

दंडाच्या कलमाचंही तसंच. तुमच्या मुख्य कंत्राटातलं कलम जसंच्या तसं खाली उतरवलं असणार. समुद्रात पाया रोवणाऱ्या जहाजाचं दिवसाचं भाडं लाख पौंडांच्या घरात किंवा त्याच्याही वर जातं. शिडी आली नाही म्हणून जहाज खोळंबलं तर ते नुकसान या वर्कशॉपकडून कधीही वसूल होणार नाही, त्याची सगळी मालमत्ता विकली तरी. मग ते कलम ठेवून काय साधतं? प्रामाणिक माणूस सही करत नाही, आणि जो बिनधास्त सही करतो त्याचीच मला जास्त भीती वाटते. दंडाला ऑर्डरच्या काही टक्क्यांची मर्यादा घाल, पाच-सात टक्केही पुरे. खरा बचाव वेळापत्रकात ठेव. जहाज निघण्याच्या निदान आठ आठवडे आधी माल बंदरात हवा, अशी तारीख धर. उत्तर समुद्रात उघडीप उन्हाळ्यात असते, हे वेळापत्रक तुला आज माहीत आहे. ते त्याला आजच दे, ऑर्डर निघाल्यावर नको.

हे बदल कागदावर मांड आणि त्याच्याकडून दोन दर माग, एक तुमच्या आत्ताच्या अटींवर आणि दुसरा या अटींवर. दुसरीकडे परदेशी यार्डाची पोहोच किंमत काढ. जहाजभाडं, विमा, तुमच्या निरीक्षकांचे महिनोन्महिने तिकडे मुक्काम, आणि वाटेत खरवडलेला रंग इथल्या बंदरात, इथल्या मजुरीने दुरुस्त करायचा खर्च, हे सगळं त्यात धर. अनेक तुलना-तक्त्यांत हे खर्च दुसऱ्याच खात्यावर पडलेले असतात, म्हणून एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, इतका स्वस्त दिसतो. एवढं करून जो फरक उरेल तो खरा फरक. तो उरूही शकतो. उरला तर त्याबद्दल साहेबांशी मोकळेपणाने बोल.

दोन-चार कठडे दाखवण्यापुरते द्यायचे, याला मात्र मी सरळ नाही म्हणेन, आणि फक्त नीतीसाठी म्हणत नाही. लहान ऑर्डर ही त्या वर्कशॉपला सगळ्यात महागात पडणारी ऑर्डर असते. वेल्डिंगची पद्धत मंजूर करून घेणं, वेल्डरच्या चाचण्या, रंगाची चाचणी, दर्जा आराखडा हा सगळा खर्च चार कठड्यांना तेवढाच लागतो आणि साठ पिंजऱ्यांनाही तेवढाच. चार कठड्यांत तो वसूल होत नाही, माणसं शिकत नाहीत, आणि वर्षअखेर तुमच्याच अहवालात लिहिलं जातं की स्थानिक पुरवठादार स्पर्धात्मक नाहीत. त्याऐवजी एकच वस्तू निवड आणि ती पूर्णच्या पूर्ण दे. ॲनोडचे पिंजरे निवडलेस तर सगळ्या मोनोपाइलचे पिंजरे त्याचेच. पहिले तीन-चार नग रखडत होतात. जिग (भाग जुळवून धरणारा साचा) बसला, फिटरचा हात बसला, की पुढच्या नगाला लागणारे तास झपाट्याने उतरतात. पहिला नग तयार झाला की तुझा डिझायनर, निरीक्षक आणि समुद्रावर तो बसवणारी टोळी, सगळ्यांना त्याच्याभोवती उभं कर. जे बदलायचं ते तेव्हाच बदला आणि मग ड्रॉइंग गोठवा.

ड्रॉइंगवरून एक महत्त्वाचं. लहान वर्कशॉप बुडतं ते बहुतेक वेळा न मिळालेल्या जादा कामाच्या पैशांत. तुमचा इंजिनिअर शॉपफ्लोअरवर जाऊन म्हणतो, "हा ब्रॅकेट जरा इकडे सरकवा." ते सरकवतात. असं वीस वेळा होतं. शेवटी तो बिल लावतो, आणि तुमचा कंत्राट विभाग विचारतो, लेखी आदेश कुठाय? या खटल्यात तुम्ही जिंकाल आणि पुरवठादार गमावाल. बदलाचा कागद त्याच दिवशी, रक्कम त्याच आठवड्यात, असा नियम तुझ्या टीमला लाव. तोंडी सूचना द्यायचा अधिकार कोणालाही ठेवू नकोस, स्वतःलाही नाही.

आता उशिरा आलेल्या कागदपत्रांविषयी, कारण साहेबांचा मुख्य आक्षेप तिथेच असणार. तो खराही आहे. समुद्रात पंचवीस वर्षं राहायच्या पोलादाला कागद लागतोच. कुठल्या प्लेटचा कुठला तुकडा कुठे बसला, कुठला जोड कुठल्या वेल्डरने कुठल्या पद्धतीने घातला, अल्ट्रासॉनिक चाचणीत काय दिसलं, रंगाच्या प्रत्येक थराची जाडी किती, हे माहीत नसेल तर दहा वर्षांनी तडा दिसल्यावर दुसरीकडे कुठे शोधायचं हेच कळत नाही. ही मागणी अजिबात सैल करू नकोस. पण ती कशी केली जाते तेही बघ. तुमचं स्पेसिफिकेशन एका मानकाकडे बोट दाखवतं, ते मानक दुसऱ्या चारांकडे, आणि त्या वर्कशॉपमध्ये दर्जा सांभाळणारा माणूस एकच, तोच रंगही मागवतो आणि क्रेनच्या तपासणीच्या तारखाही पाहतो. त्याला नेमकं काय हवंय हे बहुधा कोणी दाखवलेलंच नाही. तू त्याला सगळं पाठवलंस, पण दाखवलं काय?

तू एक पूर्ण भरलेली नमुना फाइल बनव. एका पिंजऱ्याची, खऱ्यासारखी, अनुक्रमणिकेपासून शेवटच्या सहीपर्यंत. जे कागद या कामाला लागत नाहीत ते यादीतून उडव. तुझ्या टीमशी भांडून उडव, कारण प्रत्येक विभागाला आपला फॉर्म प्रिय असतो. तुमचा डॉक्युमेंट कंट्रोलर सुरुवातीचे दोन महिने आठवड्यातून दोन दिवस त्याच वर्कशॉपमध्ये बसू दे. एडिनबरोहून फोर्थची खाडी ओलांडली की फाइफ, हे जवळ असणं वापर ना! आणि फाइल शेवटी एकत्र करायची पद्धत बंद कर. नग आणि त्याची फाइल बरोबर तयार झाली पाहिजे, आणि पैसेही त्या जोडीलाच मिळाले पाहिजेत. मागच्या वेळी दीड महिना उशीर झाला तो बहुतेक काम संपल्यावर जुने जोड आठवत बसण्यात गेला असणार. शिवाय स्कॉटलंडमध्ये 'फिट फॉर ऑफशोअर रिन्यूएबल्स' नावाचा उपक्रम आहे. ओआरई कॅटापल्ट ही संस्था तो चालवते, आणि वर्ष-दीड वर्षात कंपनीला या क्षेत्राच्या शिस्तीसाठी तयार करते. तुझ्या या ऑर्डरला त्याचा उपयोग होणार नाही, पुढच्या प्रकल्पाला होईल. मालकाला सुचवून ठेव.

एवढं वाचून तुला वाटेल की ताई सगळंच स्थानिक करा म्हणतायत. तसं नाही. मोनोपाइलसाठी दहा मीटर व्यासाची नळकांडी वळवायची यंत्रं गल्लीत उभी राहत नाहीत. जे इथे होत नाही ते रेटून इथेच करायला लावलं तर काय होतं, ते तैवानमध्ये दिसलं. त्यांनी स्थानिक वाट्याच्या अटी इतक्या कडक ठेवल्या की जुलै 2024 मध्ये युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेकडे गेला, आणि नोव्हेंबरमध्ये तैवानला त्या अटी सैल करण्याचं आश्वासन द्यावं लागलं. ब्रिटनमध्ये 2019 च्या करारात उद्योगाने 2030 पर्यंत साठ टक्के स्थानिक वाट्याचं लक्ष्य मान्य केलं. लक्ष्य असावं, पण आकडा भरायच्या घाईत मग परदेशी कंपनीच्या इथल्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून बिल फाडायचं आणि ते स्थानिक म्हणून मोजायचं, हे प्रकार सुरू होतात. तुझ्या तक्त्यात असं काही शिरलं तर आताच बाहेर काढ. आकड्यावर सही तुझी असणार आहे.

साहेबांना पटवताना भावनेचा शब्दही काढू नकोस. एका पानावर तीन दर ठेव: आजच्या अटींवरचा, बदललेल्या अटींवरचा, आणि यार्डाची पोहोच किंमत. आणि त्या बैठकीला देखभाल विभागाच्या कोणाला तरी बोलाव. बांधणारे दोन-तीन वर्षांत निघून जातात, चक्क्या पंचवीस वर्षं फिरायच्या असतात. बीट्रिसच्या देखभालीचा तळ विकच्या बंदरात आहे, नार्ट ना गीहेचा आयमथमध्ये, इंग्लंडच्या किनाऱ्यावर हॉर्नसीसाठी ग्रिम्सबी, जे एकेकाळी मासेमारीचं प्रचंड मोठं बंदर होतं. अशा जागी लाटेने वाकलेली शिडी किंवा गंजलेलं फाटक पुढच्या उघडिपीच्या आत बदलून हवं असतं. ज्याने मूळ नग बनवला, ज्याच्याकडे जिग पडून आहे, तो तासाभराच्या अंतरावर असला तर देखभालवाल्याला त्याची किंमत तुझ्यापेक्षा चांगली सांगता येईल. ते त्यालाच सांगू दे.

भावना की धंदा, या तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर धंदा असंच आहे. पण सगळा हिशेब मांडून केलेला धंदा. पुढेमागे परत यायचं मनात असेल तर हेच काम इकडेही लागणार आहे. जून 2024 मध्ये केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूसमोरच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॉटसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली, त्यातले 600 कोटी बंदरांसाठी आहेत. तिथलेही लहान फॅब्रिकेटर कोणाच्या तरी टेबलासमोर बसून हेच विचारतील.

त्या वर्कशॉपच्या मालकाला मात्र या आठवड्यातच भेट, ईमेल नको. मागच्या वेळी फक्त दर काढायला बोलावलं होतं असं असेल तर तसं स्पष्ट सांग, तो ते ऐकून घेईल. मग पुढ्यात कागद ठेव: या वेळी कुठली वस्तू, किती नग, कुठल्या टप्प्याला किती पैसे. आणि आमचं उत्तर नाही असेल तर ते कुठल्या तारखेपर्यंत, कारणासह मिळेल, हेही त्यावर लिहून ने. ती तारीख पाळ.